धबधब्यावरचं घर का वाकलं?

पाण्याकाठी घर असावं ही हौस जुनी आहे, आणि ती पुरवायला पैसाही लागतो. नदीकाठचे वाडे, तळ्याकाठचे बंगले जगात सगळीकडे सापडतात. घर पाण्यापासून चार पावलं मागे, पुराच्या रेषेच्या वर आणि तोंड पाण्याकडे, अशी त्यांची साधारण रीत असते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९३६-३७ साली एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरानं ही रीत मोडली. हे घर धबधब्यासमोर नाही, धबधब्याच्या डोक्यावर आहे. दिवाणखान्यात बसलं की धबधबा दिसत नाही, पायाखाली ऐकू येतो. 'फॉलिंगवॉटर' हे त्याचं नाव. विसाव्या शतकातल्या वास्तुकलेवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात त्याचं चित्र असतं.

त्या चित्रांत जे दिसत नाही त्याबद्दल आम्हांला इथे लिहायचं आहे. या घराच्या गच्च्या बांधल्या दिवसापासून खाली वाकत होत्या, आणि साठ वर्षांनंतरही त्या थांबल्या नव्हत्या. हे का झालं आणि कसं सावरलं, ही हकिगत समजून घ्यायला तरफ, ताण आणि दाब एवढ्या तीन गोष्टी पुरतात. त्या तर आपण वर्गात शिकवतोच.

घर कुणाचं, कुणी बांधलं?

एडगर कॉफमन हे पिट्सबर्ग शहरातल्या एका मोठ्या दुकानाचे मालक. शहराच्या आग्नेयेला डोंगराळ जंगलात 'बेअर रन' नावाचा ओढा वाहतो. तिथे पूर्वी त्यांच्या दुकानातल्या नोकरांसाठी सुट्टीतलं शिबिर चालत असे. पुढे ती जागा कॉफमन कुटुंबाची झाली. एडगर, त्यांच्या पत्नी लिलियन आणि मुलगा, ज्याचंही नाव एडगरच, असे तिघे सुट्टीला तिथे जात. ओढ्यातल्या एका मोठ्या खडकावर उन्हात पडून राहणं हा त्यांचा आवडता कार्यक्रम होता.

धाकटे एडगर १९३४ साली फ्रँक लॉइड राइट या वास्तुतज्ज्ञांच्या विस्कॉन्सिनमधल्या आश्रमवजा शाळेत काही महिने शिकायला राहिले. मुलामुळे आईवडिलांचीही राइट यांच्याशी ओळख झाली. राइट तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. १९२९ नंतरच्या मंदीत त्यांच्याकडे फारसं काम उरलं नव्हतं. त्यांचा काळ संपला असं वास्तुकलेच्या वर्तुळात उघडपणे बोललं जात असे. अशा वेळी पैसेवालं आणि नवं करून बघायची तयारी असलेलं गिऱ्हाईक मिळणं ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

डिसेंबर १९३४ मध्ये राइट जागा पाहून आले. त्यांनी ओढ्याच्या त्या भागाचा, प्रत्येक मोठा खडक आणि मोठं झाड दाखवणारा नकाशा मागवून घेतला. त्यानंतर कित्येक महिने कागदावर एक रेघही उमटली नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये एके दिवशी कॉफमन यांनी फोनवरून आपण येत असल्याचं कळवलं, आणि ते मोटारीनं येऊन पोचेपर्यंतच्या दोनेक तासांत राइट यांनी सगळे आराखडे काढले, अशी गोष्ट त्यांचे शिष्य सांगत. गोष्ट रंगवून सांगितलेली असेलही. पण घर त्यांच्या डोक्यात नऊ महिने तयार होत होतं, एवढं मात्र त्या आराखड्यांकडे पाहून पटतं.

कॉफमन यांची कल्पना होती की घर धबधब्याच्या खालच्या अंगाला असेल आणि खिडकीतून धबधबा दिसेल. राइट यांनी घर नेऊन ठेवलं धबधब्याच्या वर. एका बाजूला उतारावरचा खडक, आणि त्या खडकातून ओढ्यावर पुढे झेपावलेल्या काँक्रीटच्या गच्च्या. ज्या खडकावर हे कुटुंब उन्हात पडून राहत असे, तोच दिवाणखान्याच्या फरशीतून वर आलेला आहे आणि त्याचीच चूल केली आहे. भिंतींचा वालुकाश्म त्याच जागेवर खाण काढून मिळवला. दिवाणखान्यातून एक लोंबता जिना थेट ओढ्यात उतरतो. मुख्य घराचं क्षेत्रफळ ५,३३० चौरस फूट. त्यातलं २,४४५ चौरस फूट म्हणजे जवळजवळ निम्मं क्षेत्र उघड्या गच्च्यांचं आहे. एका कुटुंबाच्या सवयी पाहून, मापं घेऊन शिवलेल्या अंगरख्यासारखं हे घर बेतलेलं होतं, हे कबूल करायला हवं.

खर्चाचं मात्र सुरुवातीच्या अंदाजाशी काही नातं राहिलं नाही. १९३९ साली पूर्ण झालेलं पाहुण्यांचं घर धरून सगळा आकडा सुमारे १,५५,००० डॉलरपर्यंत गेला. मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम प्रचंड होती.

पुढे आलेली फळी

आता गच्च्यांकडे वळू. ज्या तुळईचं एक टोक घट्ट धरलेलं आहे आणि दुसरं टोक मोकळं हवेत आहे तिला कँटिलिव्हर म्हणतात. आपल्या घराच्या खिडकीवरचा छज्जा, गॅलरी, झाडाची आडवी फांदी ही सगळी त्याचीच उदाहरणं. राइट यांच्या घरात दिवाणखान्याचा अख्खा मजला आधाराच्या पुढे सुमारे पंधरा फूट असा हवेत आलेला आहे.

दोन्ही टोकांना टेकलेली फळी मधे वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. कँटिलिव्हरमध्ये हे उलटं असतं. वर ताण, खाली दाब. मुलांना हे दाखवायला स्पंजचा लांबट तुकडा घ्या. त्याच्या कडेवर पेनानं उभ्या समांतर रेघा काढा. एक टोक टेबलावर पुस्तकाखाली दाबून धरा आणि मोकळं टोक बोटानं खाली ढकला. टेबलाच्या कडेजवळ रेघा वरच्या बाजूला फाकतात आणि खालच्या बाजूला जवळ येतात. ताण कुठे आणि दाब कुठे हे सांगावं लागत नाही.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताणाला फार लवकर तडकतं. म्हणून जिथे ताण येणार तिथे पोलादाच्या सळया घालायच्या, ही युक्ती. जोसेफ मोन्ये या फ्रेंच बागकाम करणाऱ्या गृहस्थांनी लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं ते १८६७ साली. राइट यांचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे सळयांचं काँक्रीट आणि राइट हे समवयस्क होते, आणि १९३५ सालीही या काँक्रीटच्या स्वभावातल्या सगळ्या खोडी इमारती बांधणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेल्या नव्हत्या.

राइट यांनी एक गोष्ट फार हुशारीनं केली. आपल्या इमारतींत स्लॅब वर असतो आणि तुळया त्याच्या खाली दिसतात. फॉलिंगवॉटरच्या दिवाणखान्याखाली पाहिलं तर तुळई दिसत नाही, सपाट काँक्रीट दिसतं. स्लॅब खाली आहे, तुळया त्याच्यावर उभ्या आहेत, आणि तुळयांच्या वर लाकूड टाकून दगडी फरशी बसवली आहे. कँटिलिव्हरमध्ये दाब खालच्या बाजूला येतो, म्हणून दाब सोसायला रुंदच्या रुंद स्लॅब तिथेच ठेवला. ओढ्यातून वर पाहणाऱ्याला गुळगुळीत छत दिसावं ही सौंदर्याची गरज आणि दाबाचं गणित, दोन्ही एकाच उत्तरात सुटली. राइट यांना अभियांत्रिकी कळत नव्हती असं जे सरसकट म्हटलं जातं ते आम्हांला पटत नाही. त्यांना बळं कुठून कुठे जातात ते दिसत होतं. ती किती आहेत, इथे हिशेब चुकला.

दुप्पट सळया

कॉफमन दुकानदार होते. नगाला नग मोजून घेण्याची त्यांना सवय होती. त्यांनी आराखडे पिट्सबर्गमधल्या अभियंत्यांना दाखवले. अभियंत्यांनी शंका काढल्या. दिवाणखान्याच्या मुख्य तुळयांतल्या सळया कमी पडतील असं त्यांचं म्हणणं होतं. १९३६ सालच्या ऑगस्टमध्ये, स्लॅब भरायच्या वेळी, त्यांच्या सांगण्यावरून सळया जवळजवळ दुप्पट घालण्यात आल्या. राइट यांना हे कळलं तेव्हा ते भडकले. त्यांनी कॉफमन यांना काम सोडून देण्याच्या भाषेत पत्र लिहिलं. माझ्यावर एवढाही विश्वास नसेल तर घर तरी माझ्याकडून कशाला बांधून घेता, असा त्याचा रोख होता. कॉफमन यांनी नमतं घेतलं. पण सळया तोवर काँक्रीटमध्ये गेल्या होत्या.

याच भांडणातली आणखी एक गोष्ट शिष्य सांगत. अभियंत्यांच्या आग्रहावरून एका गच्चीखाली आधाराची जादा भिंत बांधली गेली. राइट यांनी गुपचूप त्या भिंतीचा सर्वांत वरचा दगडांचा थर काढून घ्यायला लावला. महिन्याभरानं कॉफमन यांना तिथे नेऊन फट दाखवली: भिंत गच्चीला टेकलेलीच नव्हती, आणि गच्ची तरीही उभी होती. गोष्ट मजेदार आहे आणि ती राइट यांच्या बाजूनं सांगितली जाते. आम्हांला मात्र ती वेगळी वाटते. महिनाभर उभं राहिलं हा काँक्रीटच्या बाबतीत काही पुरावा नव्हे. तो का नव्हे, ते पुढे येतंच.

सेंट्रिंग काढलं तेव्हा दिवाणखान्याच्या मजल्याचं टोक सुमारे पावणेदोन इंच खाली आलं. वरच्या गच्चीच्या कठड्यांना तडे गेले. थोडं खाली येणं अपेक्षितच असतं. अनुभवी लोक म्हणूनच सेंट्रिंग बांधताना मोकळं टोक मुद्दाम थोडं वर उचलून ठेवतात. इथे तशी उचल पुरेशी दिली गेली नव्हती.

मूळ घोटाळा मात्र आणखी खोलात होता. दिवाणखान्याच्या वर झोपण्याच्या खोलीची गच्ची आहे, तीही पुढे आलेली. तिनं स्वतःचं वजन स्वतः पेलावं अशी कल्पना होती. ते तिला झेपत नव्हतं. दिवाणखान्याच्या समोरच्या मोठ्या खिडकीत काचांच्या मधे पोलादाच्या चार उभ्या पट्ट्या आहेत. दिसायला त्या खिडकीची चौकट. वरची गच्ची वाकली आणि या पट्ट्यांवर टेकली. पट्ट्यांनी ते वजन खाली, नेमकं दिवाणखान्याच्या मजल्याच्या मोकळ्या टोकाला पोचवलं. तरफेच्या नियमानं वजन टेकूपासून जितकं लांब तितका त्याचा जोर जास्त. म्हणजे हिशेबात न धरलेलं वजन, तेही सर्वांत वाईट जागी. अभियंत्यांनी वाढवलेल्या सळया नसत्या तर सेंट्रिंग काढताच मजला कोसळला असता, असं पुढे १९९० नंतर केलेल्या आकडेमोडीतून निघालं. ज्या सळयांवरून राइट यांनी पत्र लिहिलं त्यांनीच राइट यांचं घर वाचवलं.

काँक्रीट हळूहळू वाहतं

ग्रंथालयातली लाकडी फळी पाहा. पुस्तकं ठेवली त्या दिवशी ती जवळजवळ सरळ असते. वजन तेवढंच राहतं, तरी दहा वर्षांनी तिला पोट सुटलेलं दिसतं. कायमच्या भाराखाली पदार्थाच्या अशा सावकाश आकार बदलण्याला इंग्रजी शब्द आहे 'क्रीप', म्हणजे सरपटणं. काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगानं तयार झालेला, अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ असतो. सततच्या दाबाखाली त्यातलं पाणी जागा बदलतं आणि कण एकमेकांवरून किंचित सरकतात. महिन्याभरात डोळ्यांना काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षांत दिसतं.

हे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. यूजीन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्यांनी १९११ च्या सुमारास आल्ये नदीवर ल वर्द्र इथे काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला होता. पूल वाहतुकीला खुला झाल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की कमानी खाली बसत आहेत आणि बसतच चालल्या आहेत. त्यांनी कुणाला न सांगता चार माणसं घेऊन रातोरात कमानींच्या माथ्यावर जॅक बसवले, कमानी पुन्हा उचलल्या आणि मधली जागा काँक्रीटनं भरून टाकली. या प्रसंगानं त्यांना आयुष्यभराचा विषय दिला. काँक्रीट सरपटतं हे त्यांनी मोजून दाखवलं आणि १९२८ साली त्यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. तो उपाय म्हणजे पूर्वताणित काँक्रीट. फॉलिंगवॉटरचे आराखडे निघाले तेव्हा या पेटंटला सात वर्षं झाली होती. पण पूल बांधणाऱ्यांचं ज्ञान घरं बांधणाऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. महासागर ओलांडून तर आणखीच.

कॉफमन यांनी मात्र एक फार चांगली गोष्ट केली. १९४१ पासून गच्च्यांची टोकं किती खाली गेली याची मोजणी ते करून घेत राहिले, अगदी १९५५ साली वारले तोवर. ज्याच्या घराखाली रोज पाणी गरजतं आहे आणि कठड्याचे तडे बुजवले की पुन्हा उघडत आहेत, अशा घरमालकाची मनःस्थिती काय असेल याची कल्पना करता येते. आज त्या नोंदींचं मोल मोठं आहे, कारण घर किती वाकलं याबरोबरच ते कोणत्या वेगानं वाकत गेलं हेही त्यांवरून कळलं.

पाण्याचाही त्रास होताच. सपाट छपरं आणि गच्च्या गळत. छपरातून गळणाऱ्या पाण्यासाठी ठिकठिकाणी बादल्या ठेवाव्या लागत, आणि कॉफमन यांनी घराच्या नावावर कोटी करून त्याला 'चढती बुरशी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पाण्याकाठच्या नामांकित घरांची ही तक्रार जुनीच. इलिनॉय राज्यात फॉक्स नदीकाठी मीस व्हान डेर रोह यांनी १९५१ साली पूर्ण केलेलं फार्न्सवर्थ यांचं काचेचं घर पुराच्या भीतीनं जमिनीपासून पाच फुटांहून अधिक उंच उचललेलं होतं. तीनच वर्षांनी, १९५४ साली, पुराचं पाणी त्याच्या आत शिरलं. फॉलिंगवॉटरला पाण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणानं जास्त छळलं, एवढाच फरक.

उचललं, पण सरळ केलं नाही

धाकट्या एडगर कॉफमन यांनी १९६३ साली हे घर वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण संस्थेच्या हवाली केलं, आणि १९६४ पासून लोक ते पाहायला येऊ लागले. १९९० नंतरच्या दशकात रॉबर्ट सिलमन यांच्या अभियंत्यांच्या गटानं घराची कसून तपासणी केली. काँक्रीट न फोडता आतल्या सळया रडारच्या लहरींनी शोधल्या. तड्यांची रुंदी आणि गच्च्यांचा कल सांगणारी उपकरणं बसवली. निष्कर्ष असा की काही ठिकाणी टोक सात इंचांपर्यंत खाली आलं होतं आणि हालचाल अजून चालूच होती. सर्वसाधारण क्रीप काही वर्षांत मंदावतं. इथे ते थांबत नव्हतं, कारण तुळयांच्या वरच्या बाजूचं काँक्रीट तडकून सळयांवरचा ताण मर्यादेजवळ पोचला होता.

सात इंच म्हणजे किती? आपल्याकडच्या काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साधारण मर्यादा आहे लांबीच्या २५० व्या भागाची. पंधरा फूट म्हणजे १८० इंच. त्याचा २५० वा भाग पाऊण इंचाहूनही कमी. इथे त्याच्या नऊपटीहून अधिक.

१९९७ साली ओढ्यात पोलादी टेकू उभे करून गच्च्यांना तात्पुरता आधार दिला गेला. कायमची दुरुस्ती २००२ साली पूर्ण झाली. उपाय फ्रेसिने यांचाच. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती तापवून चढवतात. थंड झाली की ती आकसते आणि चाकाचे लाकडी तुकडे एकमेकांवर घट्ट आवळले जातात. गाडी चालताना त्यांना सुटं होण्याची संधीच मिळत नाही. पूर्वताणित काँक्रीटमध्ये पोलादी तारांचे दोर ताणून हेच साधतात: जिथे पुढे ताण येणार तिथे आधीच दाब भरून ठेवायचा. आपल्या रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर असेच बनतात. फॉलिंगवॉटरमध्ये दिवाणखान्याच्या फरशीचे दगड क्रमांक घालून उचलले, तुळयांच्या दोन्ही कडांनी दोर टाकले, ते जॅकनं ताणले आणि दगड पुन्हा जागच्या जागी बसवले. गच्च्या टेकूंवरून किंचित उचलल्या गेल्या, टेकू काढले.

त्या पूर्ण सरळ करण्याचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. साठ-पासष्ट वर्षांत भिंती, खिडक्या, काचा सगळं त्या वाकण्याशी जुळवून बसलं होतं. जबरदस्तीनं वर ढकललं असतं तर नवे तडे गेले असते. त्यामुळे गच्च्यांचा उतार आजही आहे. २०१९ साली राइट यांच्या आणखी सात इमारतींबरोबर हे घर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते या उतारासकट.

वर्गात करून पाहण्यासारखं

दोन प्रयोग सोपे आहेत. हॅकसॉचं पातं किंवा लवचीक फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर दहा सेंटिमीटर काढून दाबून धरा, टोकाला दोऱ्यानं छोटं वजन टांगा आणि टोक किती वाकलं ते मोजा. मग तेच वजन ठेवून पट्टी वीस सेंटिमीटर बाहेर काढा. लांबी दुप्पट झाली तर वाकणं दुप्पट होईल असं बहुतेक मुलं सांगतील. ते आठपटीच्या आसपास येतं. (वजन टोकाला न टांगता पट्टीभर सारखं पसरलेलं असतं तर लांबी दुप्पट झाल्यावर सोळापट.)

दुसरा प्रयोग क्रीपचा. पातळ पॉलिथीनची दोन सेंटिमीटर रुंद, फूटभर लांब पट्टी कापा. वरचं टोक खिळ्याला घट्ट बांधा, खालच्या टोकाला पट्टी तुटणार नाही पण स्पष्ट ताणली जाईल एवढं वजन लावा. मागे भिंतीवर कागद चिकटवून लगेच एक खूण करा, मग पाच मिनिटांनी, तासानं, शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी. वजन तेच ठेवा. खुणांमधली अंतरं मुलांनाच मोजू द्या आणि वेळेविरुद्ध आलेख काढायला सांगा.